माटोळीवाल्या बाईचं पुस्तक

चवथीला गणपतीवर फळापानांची जी माटोळी टांगतात, तिची रानफळं ती डिचोलीच्या बाजारात विकायची. नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला फळ देताना आधी त्याचा वास घ्यायची, मग लेक सासरी पाठवावी तसं हळूच पिशवीत ठेवायची. गेल्या चवथीला फळांशेजारी तिने स्वतः लिहिलेलं पुस्तकही मांडलं. कुठलं फळ कुठल्या डोंगरात, कशाच्या सावलीत मिळतं, सगळं त्यात.

शेजारची विक्रेती हळहळली, "गो बाय, आपल्याच पोटावर पाय दिलास! आता तुझ्याकडे येतलो कोण?"

माटोळीवाली हसून पुढचं फळ हुंगू लागली. मला शेजारणीचं पटलं. मी पुस्तक तेवढं घेतलं, फळं नाहीत. रात्रीत वाचून रानाचा जाणकार झालो आणि सकाळी सर्वणच्या डोंगरावर गेलो. लालबुंद कवंडळांचा वेल ओढला, तर लाल मुंग्यांचं अख्खं घरटं मानेवर उतरलं. रिकाम्या हातांनी घरी पोचलो. बायको म्हणाली, "यंदा तुम्हांलाच टांगूया माटोळीला!"

संध्याकाळी पुन्हा बाजार गाठला. तिच्यापुढे ही गर्दी, आणि त्यात काट्यांनी ओरबाडलेले बरेच हात. कोणी भाव करत नव्हतं. "मावशी, हे टांगलं तर चालेल?" एवढंच विचारत होते.

माझी सुजलेली मान बघून ती शेजारणीला म्हणाली, "पुस्तक वाचून रानात जातले, आणि रान बघून माझ्याकडे येतले."

मी पिशवी पुढे केली. "तुम्हीच निवडा, बाई."