दत्तारामचं परमिट

वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट असलं की पगार साठत नाही, किस्से मात्र साठतात! आमच्या गिरगावच्या भाऊसाहेब वकिलांकडे तर एकट्या दत्तारामच्या केसने माझा डबा भरला. तेही संयुक्त महाराष्ट्राच्या त्या धामधुमीत. रोज कुठे ना कुठे मोर्चा, कशातच मन लागत नसे.

दत्ताराम परळच्या गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा. आफ्रिकेतल्या एका गिरणीने त्याला दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. परत येऊन स्वतःची खोली घ्यायची आणि बायको-पोरांना कोकणातून आणायचं, एवढंच त्याचं स्वप्न.

परदेशी जायचं परमिट देणाऱ्या ऑफिसात साहेबाने विचारलं, "राज्य कुठलं?"

"संयुक्त महाराष्ट्र!"

"असं राज्यच नाही."

"आत्ता नाय साहेब. मी परत येईपर्यंत होईल!"

साहेबाने परमिट नाकारलं. कारण काय, तर 'हा इसम परत येईल याची खात्री नाही'!

*

ट्रिब्युनलकडे अपील लावलं. परत येण्याचा पुरावा हवा म्हणून भाऊसाहेब मला घेऊन थेट लालबागला, त्याच्या खोलीवर. खोलीत गाववाल्यांची ही गर्दी!

"यात तुझं काय?" भाऊसाहेबांनी विचारलं.

दत्तारामने कोपऱ्यातली पत्र्याची पेटी दाखवली.

"आणि अंथरूण?"

"ते माझंच. पण आत्ता त्यावर रातपाळीवाला झोपलाय. हळू बोला!"

परतताना भाऊसाहेब म्हणाले, "एका पेटीसाठी हा परत येईल, असं ट्रिब्युनलला कसं सांगू?" 

*

पहिल्या तारखेला नेमका हरताळ. ट्राम बंद. भाऊसाहेब काळ्या कोटात तरातरा फोर्टकडे चालत निघाले, मी मागे. वाटेत मोर्चातल्या पोरांना वाटलं, कोणीतरी पुढारी! उचलून हातगाडीवर उभं केलं. "बोला साहेब!"

भाऊसाहेबांना इंग्रजीशिवाय भाषण करायची सवय नाही. ते म्हणाले, "माय सबमिशन इज..."

"झालाच पाहिजे!" सगळा रस्ता ओरडला.

ट्रिब्युनलला पोचलो तेव्हा दाराला कुलूप! पुढची तारीख पडली. तिकडे दत्तारामची बोट सुटायची वेळ जवळ येत होती. मला रात्री झोप लागेना.

*

दुसऱ्या तारखेला नाव पुकारलं. मागून आवाज आला, "हजर!" आम्ही वळून पाहतो तर भलताच माणूस!

"तुम्ही दत्ताराम?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाय सायबानू. त्येका ताप इलोहा. मी त्येचो बदली, बाबल्या."

गिरणीत कायम कामगार रजेवर गेला की त्याच्या साच्यावर बदली कामगार उभा राहतो. दत्तारामने तीच रीत ट्रिब्युनलला लावली होती! भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारला. मला वाटलं, संपलं सगळं.

अध्यक्षांना मात्र गंमत वाटली असावी. म्हणाले, "बरं, तुम्हीच सांगा. तो आफ्रिकेहून परत आलाच नाही तर?"

बाबल्याचा चेहरा उजळला. "तर माझी नोकरी कायम, सायबानू!"

मग लगेच पडला. "पण तो मेलो परत येतलो हो! दरवर्षी गावाक जाता, माका वाटता, आता रवतलो थयच. आणि दरवर्षी येळेवर हजर!"

बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. अध्यक्षांनी शेजारच्या सदस्यांकडे पाहिलं आणि तिथल्या तिथे अपील मंजूर केलं.

जिन्यात भाऊसाहेबांनी बाबल्याला मिठीच मारली. तो मान खाली घालून उभा राहिला. मग त्याने हळूच विचारलं, "वकीलसायब, ह्या परमिट पुढे वाढवून मिळता काय हो?"