कागदी अबोलीचा गजरा

दादा आणि वहिनी, हर्णैच्या बंदरावर तुम्ही आम्हाला पोचवायला आला होतात, त्या सकाळची माझी शोभा तुम्ही अजून विसरला नसाल. देश स्वतंत्र होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि तिशी उलटलेला मी ठाण्याला कारकुनी करायला निघालो होतो. डोक्यावर ट्रंक, मागे सुशीला, आणि बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात टाकायचा पाय मी ऐटीत समुद्रात टाकला. कंबरेपर्यंत भिजलो. आई वाळूत उभी होती. ती हसली नाही की रडली नाही. "मागे बघत चढू नकोस रे," एवढंच म्हणाली.

त्याला आता आठ-नऊ वर्षं होतील. नौपाड्यातली आमची खोली तुम्ही पाहिलेली नाही, म्हणून सांगतो. खिडकी एक, आणि तिच्यासमोर हातभर अंतरावर शेजारच्या घराची भिंत. ऊन म्हणून येत नाही. तुळस आणली ती दीड महिन्यात गेली. दुसरी तेवढीही टिकली नाही. बाजारात फुलं मिळतात, पण विकतची फुलं आणायला सुशीला तयार नव्हती. फुलं परसात असतात, उठून काढायची असतात, त्यांचे पैसे कसले द्यायचे, असं तिचं म्हणणं. मग ती इथल्या बायकांच्या दुपारच्या वर्गाला जाऊ लागली आणि क्रेपचा कागद, बारीक तार, डिंक असलं काय काय आणून तिनं खिडकीच्या गजांवर जाईचा वेल चढवला. कागदालाही पैसे पडतात, हे मी दाखवून दिलं, तेव्हा म्हणाली, कागद ही विकत घ्यायचीच वस्तू आहे.

वेल इतका हुबेहूब, की पहिल्या संध्याकाळी कचेरीतून आल्या आल्या मी कौतुकानं त्याला तांब्याभर पाणी घातलं. भिंतीवर हिरवे ओघळ आले, ते आजही आहेत. मालकीणबाई खास बघायला आल्या आणि तुमच्या कोकणात कागद पेरतात का, असं विचारून गेल्या. आता दारावर तोरण आहे, फडताळावर शेवंती आहे, सगळं बारा महिने फुललेलं. आपल्या परसातसुद्धा एवढी फुलं एकदम पाहिल्याचं आठवत नाही. बघून आनंद व्हावा की वाईट वाटावं, हे ठरत नाही तोवर मी चहा मागतो.

दादा, तुझं पत्र मिळालं. आई महिनाभर राहायला म्हणून गेली होती, ती पंधरा दिवसांत परत कशी आली, सुनेचं काही लागलं का, असं तू विचारलं आहेस. वहिनींनाही तोच संशय दिसतो. सुशीलेनं काही केलेलं नाही. केलं ते मी. काय केलं, ते मात्र मलाच नीट उमगलेलं नाही. घडलं तसं लिहितो.

आई ही फुलं बघून नाक मुरडणार, अशी आमची खात्री होती. तिनं चष्मा लावला, एक शेवंती उलटी करून बघितली आणि सुशीलेला म्हणाली, देठाशी पाकळ्या दाट असतात गं, तुझ्या विरळ झाल्यात. दुसऱ्या दिवसापासून दोघी दुपारच्या कात्री घेऊन बसू लागल्या. आईचा हात असा चालायचा, की वर्गाच्या बाई तिचं काम बघायला घरी आल्या. अबोली तर तिनंच करावी. अबोलीला मुळात वासच नाही, त्यामुळे कागदाची कुठली नि खरी कुठली हे कुणी ओळखून दाखवावं, असं ती हसत म्हणायची. बाबा गेल्यापासून तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

शनिवारी कचेरी अर्धा दिवस. दुपारी घरी आलो तर दार उघडंच होतं. आई आरशासमोर बसलेली, सुशीला मागे आकडा धरून उभी, आणि आईच्या अंबाड्यावर अबोलीचा गजरा. बाबांना जाऊन चौदा वर्षं झाली. त्या चौदा वर्षांत रोज परडीभर फुलं तिनं काढली, देवाला वाहिली, वहिनींना दिली, शेजारणींना वाटली. स्वतः एक कळी माळली नाही. आरशात तिला मी दिसलो.

"फूल नव्हे रे हे," ती म्हणाली. "कागद आहे."

मी वळलो आणि दार लावून घेतलं. कडीसुद्धा घातली.

कुणी बघू नये म्हणून लावलं, एवढं खरं. पण तिला निवांत बसता यावं म्हणून, की मलाच लाज वाटली म्हणून? सकाळी एक वाटतं, संध्याकाळी दुसरं. सुशीला म्हणते, तुमचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. तो मला दिसला नाही. आईला दिसला.

तिनं गजरा सोडवला, एकही पाकळी चुरगळू न देता सुशीलेच्या हातात ठेवला आणि मला म्हणाली, "उघड ते दार. उकडतंय."

सोमवारी तिला गावच्या काजूबिया आठवल्या, वेचायच्या राहिल्यात, निघते म्हणाली. राहा म्हणालो मी, दोनदा म्हणालो. गजऱ्याचं काही बोलायला मात्र तोंड उघडलं नाही.

इथले लोक घर कुठलं विचारतात तेव्हा मी गावाचं नाव सांगतो, आणि गावी आलो की चार दिवसांत ठाण्याला घरी जायचंय म्हणतो. दोन्हीकडे कुणी हसत नाही, म्हणजे दोन्ही चालत असावं. मला एवढंच कळतं, की आईनं चौदा वर्षांनी आरशात बघितलं ते या खोलीत, आणि ही खोली मी तिच्यासाठी अर्ध्या मिनिटात बंद केली. ती पुन्हा इथं येईल का, हे विचारायचा धीर होत नाही.

वहिनी, पत्रामागून पुठ्ठ्याचा एक डबा येईल. तो न उघडता आईच्या हातात द्या. आत तो गजरा आहे. माळेल, किंवा ट्रंकेत ठेवून देईल, तिचं ती बघेल. दादा, तू त्या वेळी तिथं असलास तर उठून जाऊ नकोस, दाराकडेही जाऊ नकोस. नुसता बसून राहा. मला तेवढंही जमलं नाही.