कुसुममावशीची मिठाची पोटली

पोट धरून कुणी पोरगी वर्गाबाहेर आली, की कुसुममावशी तिला काहीच विचारायची नाय. पाळी आली का, किती दुखतंय, डबा खाल्ला का, काही नाय. सरळ खिचडीच्या शेडमधं जायची, तव्यावर खडेमीठ तापवायची, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायची आणि पोटली पोरीच्या हातात द्यायची. "जा, पड जरा. उठावं वाटलं की ऊठ." पडायला खेळाच्या सामानाची खोली. लेझमांच्या ढिगाशेजारी एक चटई.

बिडकीनच्या आमच्या शाळेत मावशी शिपाई होती, मागच्या वर्षी रिटायर झाली. ठेंगणी, चालताना उजवा खांदा पुढं, जशी काय गर्दीतून वाट काढतीय. व्हरांडा रिकामा असला तरी तशीच. मी शाळेत सगळ्यांच्या नकला करायचे, पण लपूनछपून. मावशीची मात्र तिच्यासमोरच करावी लागायची, कारण तिलाच ती सगळ्यात जास्त आवडायची. "अजून वाकडी चाल," म्हणायची, "मी एवढी सरळ नाय."

नववीत विज्ञानाच्या चाचणीला मी पोटदुखीची नक्कल केली. नक्कल वैशालीची. माझ्याच वर्गातली. तिचं दर महिन्याला खरंच लई दुखायचं. आधी ती महिन्यातले चार दिवस घरीच राहायची आणि तिचा बाप म्हणायचा, "एवढे खाडे करायचे तर शाळा कशाला?" पोटली मिळायला लागली तसा चार दिवसांचा अर्धा दिवस झाला होता. तर मी वाकले, कण्हले, भिंत धरली. मावशीनं बघितलं, मीठ तापवलं. मी झकास झोपले.

पुढच्या चाचणीला सहा जणी पोट धरून आल्या. शिकवणी माझीच. मोठ्या मॅडमनी खोलीला कुलूप घातलं. "घरून चिठ्ठी आणली तरच उघडेल." वैशालीच्या घरी लिहिता येणारा एकटा बाप, आणि बापाशी हा विषय कोण काढणार? ती परत घरी बसायला लागली. तिसऱ्या महिन्यात बाप शाळा सोडायच्या दाखल्याचा अर्ज घेऊन शाळेत हजर. वैशाली त्याच्यामागं उभी. नेमकं त्याच दिवशी तिचं सुरू झालेलं.

मावशीनं मला वर्गातून दंडाला धरून ऑफिसात, मोठ्या मॅडम आणि त्या दोघांसमोर नेलं. क्लार्क सरांना चहा सांगायला पाठवलं. दार लोटलं.

"दाव गं, त्या दिवशी कशी कण्हत होतीस."

"मावशी, इथं?"

"इथंच."

मी कण्हले. भिंत धरली. जीव ओतला. वैशालीचा बाप घाबरून खुर्चीतून उठला.

"ही खोटी," मावशी म्हणाली. "आता तिच्याकडं बघा."

वैशाली कपाटाला टेकून उभी होती. आवाज नाय. वरच्या ओठावर घाम, तोंड पिठासारखं, ओढणीचं टोक मुठीत असं पिळलेलं की बोटं पांढरी पडलेली. एवढे दिवस शेजारच्या बाकावर बसून मला हे दिसलंच नव्हतं.

मोठ्या मॅडमनी चष्मा काढला. "तुम्हाला कळत होतं, तर हिला झोपू कशाला दिलं?"

"हिला दारात तपासली असती मॅडम, तर हिच्यामागं उभी असलेली तिथूनच माघारी गेली असती. दहा जणी फुकट झोपल्या तर चटई काय झिजती व्हय?" मग आवाज खाली आला. "पण चुकले मी बी. एवढं दुखणं मिठानं जात नसतं. डॉक्टरणीला दावायचं सोडून वर्षभर तवाच तापवत बसले."

बाप लेकीकडं बघत म्हणाला, "मला वाटलं, शाळेचा कंटाळा करती. तिची आई म्हणती, सगळ्याच बायांचं दुखतं."

"सगळ्यांचं दुखतं, भाऊ. पण सगळ्या अशा उभ्या राहत नाय."

मॅडमनी अर्जासाठी हात पुढं केला.

"राहू द्या," त्यानं अर्ज खिशात कोंबला. "शहराला बस किती वाजता हाय?"

मॅडमनी खोलीची किल्ली मावशीसमोर ठेवली. आता चिठ्ठी नको, म्हणाल्या.

मावशीनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, जायच्या आधी तवा तापवला. मी मागंमागं स्टँडपर्यंत गेले. बसच्या खिडकीशी उभी राहून म्हणलं, "वैशे, चुकलं माझं."

"नक्कल बी चुकली," ती हळूच म्हणाली. "मी कधी कण्हले गं?"

 

मावशीनं हातानंच मला शाळेकडं हाकललं, पण मी बस निघेपर्यंत खिडकीशीच थांबले. वैशालीचा बाप दोघींच्या मधी बसला होता.  मग त्यानं पोरीच्या मांडीवरच्या पोटलीला बोट लावून बघितलं आणि मावशीला विचारलं, "अक्का, ही किती वेळ गरम राहती?"

"अर्धा तास. मग शहरात आम्लेटच्या गाडीवर तवा मागू."