नव्या बॅटरीवर माझंच कुंकू
कर्वेनगरच्या गॅरेजवाल्याने मला फसवलं. गरम प्लॅस्टिकचा वास आला की ती दुपार आठवते. माझ्या म्हाताऱ्या हायब्रीड गाडीची जुनी बॅटरी त्याला देऊन, घासाघीस करून घेतलेली नवी बॅटरी महिन्याभरात एका दुपारी चांदणी चौकाच्या चढावर गरम प्लॅस्टिकचा वास सोडत बसली. गाडी ओढून गॅरेजात नेली, तर तो म्हणाला, "अहो, जुन्या गाडीला नवी बॅटरी सोसत नाही." मी तिथेच मागची सीट काढली, बॅटरीवरचं चकचकीत स्टिकर नखाने खरवडलं, तर खाली खंडेनवमीला मीच लावलेलं कुंकवाचं बोट! "ही तर माझीच जुनी! निदान कुंकू तरी पुसायचं होतंत." तो पुटपुटला, "पूजेचं कुंकू कसं पुसणार, साहेब?" आज गाडी दारात बंद उभी आहे आणि मी अजून विचारतोय: देवाला भ्यायलात, मग गिऱ्हाइकाला का नाही? उत्तर द्या.