अडीच दिवसांचं विमान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मेलबर्नहून हैदराबादला यायला अडीच दिवस लागत नाहीत. अंतर नऊएक हजार किलोमीटर. सिंगापूरला विमान बदलायचा वेळ धरून सोळा-सतरा तास. पुढं मुखेडपर्यंत गाडीनं पाच. आई गेली त्या दिवशी निघालो असतो, तर दुसऱ्या दिवशी अंगणात उभा असतो. सीट होती. समोर स्क्रीनवर दिसत होती.

निघालो नाही, कारण मला किळस येत होती. आधीच्या खेपेला गेलो तेव्हा आईची पाठ अंथरुणात पडून पडून चिघळलेली. थोरली बहीण औशाचं सासर सोडून तिच्यापाशी राहिलेली. ताई पू पुसायची, अन् मी दारात नाकाला रुमाल लावून उभा. आईनं हात पुढं केला. तो धरला, आणि परसातल्या नळावर जाऊन तीनदा साबणानं हात धुतले. खिडकीतून आई बघत होती, हे मागाहून लक्षात आलं.

म्हणून त्या दिवशी फोनवर ताईनं विचारलं, "किती तास लागतेत रे तुला?" तेव्हा म्हणालो, "विमानं भरलीत ताई. अडीच दिवस तरी." वाटलं, मे महिना आहे, एवढं कोण थांबतंय? उरकून घेतील.

ताई म्हणाली, "ये सावकाश. आम्ही थांबतो."

आमच्या घरात थांबतात, हे मी विसरलो होतो. आणि तेव्हाही खरं बोललो नाही. दीड दिवसानं कळवलं, विमान रद्द झालं. तेव्हा कुठं त्यांनी आईला नेलं.

सातव्या दिवशी आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला पोचलो. किती लांबून आला बिचारा, म्हणत लोक पाणी देत होते. शेजारची काकू तेवढी म्हणाली, "काय रे, इमानाला बैलं जुंपले व्हते का?" मग तिनंच सांगितलं. बर्फाच्या लाद्या आणत होते, त्या विरघळत होत्या, पाणी ओसरीवरून रस्त्यापर्यंत गेलेलं. वास सुटला. माणसं तोंडाला गमछे बांधून बसली. "तुझा चुलता म्हणला, आता उरका. तर तुझी बहीण म्हणती, अडीच दिवस म्हणलाय त्यो. माझा भाऊ खोटं बोलायचा न्हाई." ताई मात्र उघड्या तोंडानं, माशा हाकत उशाशी बसून होती.

मी नळापाशी जाऊन ओकलो. ताई मागून आली, पाठ चोळायला लागली. "लई दमलास रे. एवढं लांब बसून यायचं म्हणजे..."

तिचा हात पाठीवर फिरत होता आणि मला स्वतःच्या कातडीची शिसारी येत होती. तरी म्हणालो, "हाव ताई, लई लांब हाय."

आईला ते दीड दिवस परत देता येत नाहीत. ताईला खरे तास सांगायचे आहेत. अजून सांगितलेले नाहीत.