दोन शेळ्यांचा परवाना

आमच्या थोरल्या जाऊबाईंना काळजी करायला कारण लागत नाही. दाराला कुलूप घातलं की त्या ते ओढून बघतात, गल्लीच्या तोंडापर्यंत जातात आणि परत येऊन पुन्हा ओढतात. मी कितीदा म्हटलं, "अहो जाऊबाई, हे कुलूप चोर नाही फोडायचा, तुमच्याच हाताने तुटेल!" त्यावर त्या कुलपाकडेच संशयाने बघतात. अशा बाईच्या मागे नगरपालिकेचा नवा नियम लागावा, म्हणजे बघा.

नियम असा होता की ज्यांच्याकडे आधीपासून जनावरं आहेत त्यांनी गोठ्याची तपासणी करून परवाना घ्यायचा. तपासणीला जेवढी जनावरं दिसतील तेवढीच हद्दीत राहतील. नंतर नवं एकही चालणार नाही, सापडलं की कोंडवाड्यात. जाऊबाईंच्या तीन शेळ्या. थोरले भाऊजी गेल्यापासून त्यांचं घर त्या दुधावरच चाललंय. त्यातल्या दोन पांढऱ्या म्हणजे नुसत्या अवदसा, दोरीवरचा टॉवेलसुद्धा सोडत नाहीत. तिसरी तांबडी. तिची आई वितानाच मेली, तेव्हा जाऊबाईंनी तिला बाटलीने दूध पाजून जगवलं. आता ती गाभण होती.

त्यात निघाला रस्ता रुंद करायचा बेत. मोजणीवाले चुन्याची रेघ मारून गेले, ती नेमकी गोठ्यातून. गोठा मागे घ्या, नाहीतर परवाना विसरा! मागे म्हणजे कुठे, तर जाऊबाईंच्या निजायच्या खोलीत. आमच्या ह्यांनी गवंडी आणून भिंत आत सरकवली. खोली एवढीशी झाली की पाय लांब केले की ट्रंकेला लागायचे. "पण शेळ्यांना वारा लागेल ना गं तिथे?" जाऊबाईंनी मला विचारलं ते हेच. असा राग आला मला!

तपासणीच्या दिवशी बाईंनी गोठा घासून काढला. फिनेल ओतलं, भिंतींना चुना लावला, गव्हाणीसुद्धा पुसली. आणि मग मला हाक मारली.

"अगं, साहेब यायच्या वेळीच ह्यांनी लेंड्या टाकल्या तर? वास आला तर?"

"शेळ्या आहेत त्या, जाऊबाई. अत्तर थोडंच टाकणार?"

"तू थट्टा कर. माझा जीव टांगणीला लागलाय इथे."

मी चहाचं आधण ठेवायला आत गेले, तेवढ्यात जाऊबाईंनी तिन्ही शेळ्या पलीकडच्या गल्लीत इस्त्रीवाल्याच्या अंगणात नेऊन बांधल्या. परत आल्या तर तोंडावर कसलं समाधान! मी कपाळावर हात मारला. "अहो, तो बघायला येणार म्हणजे शेळ्याच बघायला येणार ना! आणा आधी त्यांना!" पण तोवर मोटरसायकल दारात उभी.

निरीक्षक भला माणूस होता, खोटं कशाला बोलू. त्याने टेप लावून रेघेपासूनचं अंतर मोजलं, मान डोलावली, म्हणाला, "वा, गोठा असावा तर असा. किती जनावरं आहेत, मावशी?"

तीन म्हणायचं. एवढंच. पण हातात कागद घेतलेला सरकारी माणूस समोर, आणि जाऊबाई म्हणाल्या, "एकही नाही, साहेब."

"मग प्रश्नच मिटला," म्हणत तो लिहायला लागला.

मी आतून ओरडत धावले, "अहो थांबा, आहेत!" आणि त्याच क्षणी रस्त्यावरून दुसरी आरोळी आली. इस्त्रीवाला दोन्ही पांढऱ्यांना कानाला धरून ओढत आणत होता. "वहिनी, सांभाळा ही तुमची रत्नं! गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर खाल्ली!"

निरीक्षकाने पेन थांबवलं. "ह्या कोणाच्या?"

 जाऊबाई पुढे झाल्या आणि दोघींच्या मानेत हात घातले. "माझ्या. मी खोटं बोलले, साहेब. भ्याले मी. माझ्याच आहेत."

 त्याने लिहिलेलं खोडलं आणि म्हणाला, "ठीक आहे. दोन लिहितो."

"अजून एक आहे, साहेब! तांबडी. गाभण आहे. आत्ता आणते, इथेच आहे पलीकडे..."

"मावशी, आधी एकही नाही म्हणालात, मग दोन निघाल्या, आता तिसरी. संध्याकाळपर्यंत अख्खा कळप होईल. समोर दिसतंय तेवढंच लिहिणार मी." मी हात जोडले, इस्त्रीवाल्याने शपथा घेतल्या. जाऊबाई तोवर धावत सुटल्या होत्या, अनवाणी. तांबडीला घेऊन त्या गल्लीच्या तोंडाशी आल्या तेव्हा त्याने सही करून कागद माझ्या हातात ठेवला होता आणि मोटरसायकल वळली होती. त्यांनी हाक मारली. ती त्याला ऐकू गेली की नाही, देव जाणे.

पालिकेत खेटे घालून झाले. खोडाखोड केलेला कागद पुन्हा खोडता येत नाही म्हणे. शेवटी तांबडीला हद्दीबाहेरच्या एका दूधवाल्याकडे पोचवायला मी आणि जाऊबाईच गेलो. ती मुकाट्याने चालत आली. तिथे दावं बांधतानाही तिने मान हलवली नाही.

 परतताना मी म्हटलं, "त्या अवदसा दोघी राहिल्या आणि ही गेली. कॉलर हिने खाल्ली असती तर बरं झालं असतं."

त्या थांबल्या. पदराने तोंड पुसलं.

"ती नाही खायची गं," म्हणाल्या. "बांधताना मीच तिच्या कानात सांगितलं होतं, मी येईपर्यंत गप्प बस म्हणून."