डबल धागा

भिवंडीच्या धामणकर नाक्यावरचा कॉम्प्युटरवाला मशीनला शिव्या देतच दुकान उघडायचा. मी तिथं फुकटच्या चहाला बसायचो. आखातातल्या भिवंडीकरांच्या ईमेल-गटातला प्रत्येक निरोप त्याच्याकडे दोनदा यायचा. "डबल धागा," असं कापडात दोष दिसलेल्या लूमवाल्यासारखं खेकसून तो दुसरा पुसून टाकायचा.

माझी बायको मेली, तेव्हा त्यानंच गटाला कळवलं. तेही दोनदा गेलं.

"गलती झाली, काका."

"असू दे. तीपण सगळं दोनदाच सांगायची."

एकाचं उत्तर आलं, ते त्यानं वाचून दाखवलं. वहिनींच्या हातची भाकरी विसरणार नाही.

"करपलेली असायची," मी म्हटलं. तो हसला.

तेवढ्यात तेच उत्तर पुन्हा आलं. पुसायला त्यानं बोट उचललं, माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यापासून तितक्याच सावकाश पुन्हा वाचलं.

दुसऱ्यांदा ऐकताना भाकरी करपलेली वाटली नाही.